एंड टर्न दाबण्याआधी: अंतराळ स्ट्रॅटेजी गेममधल्या या चुका टाळा

अंतराळातले स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांची एक तक्रार कायम ऐकू येते: "कॉम्प्युटर चीटिंग करतो." रिकामा दिसणारा ग्रह घ्यायला ताफा पाठवला, तर तिथे लढाऊ तळ उभा. वर्षानुवर्षं गुण्यागोविंदाने राहिलेल्या शेजाऱ्याने एकाएकी युद्ध पुकारलं. शत्रूच्या जहाजांचा कितीही पाठलाग केला, तरी दरवेळी ती एक पाऊल पुढेच.

यातलं काही खरं असतं. वरच्या डिफिकल्टीला कॉम्प्युटरला सवलती मिळतात, आणि बहुतेक गेम ते सेटिंगमध्येच सांगून टाकतात. पण बाकीच्या तक्रारींच्या मुळाशी गेलं की वेगळंच काही सापडतं. एंड टर्न (आपली पाळी, म्हणजे टर्न, संपवायचं बटण) दाबल्यावर आत कोणत्या क्रमाने काय घडतं, हे खेळणाऱ्याने कधी पाहिलेलंच नसतं. म्हणून माझा आग्रह आहे की नवा गेम हातात आला की टेक ट्री (तंत्रज्ञानांची साखळी) पाठ करण्याआधी टर्नचा क्रम समजून घ्या. समोरच्या एआयबद्दल, म्हणजे कॉम्प्युटर खेळवत असलेल्या प्रतिस्पर्ध्याबद्दल, मत बनवायला त्यानंतर भरपूर वेळ आहे.

टर्न कोणत्या जातीचा आहे हेच न बघणं

बुद्धिबळासारखा आधी मी, मग तू असा टर्न अंतराळाच्या गेममध्ये तुलनेने कमी दिसतो. इथे सगळे जण आपापले हुकूम देऊन ठेवतात आणि मग गेम ते एकदम अमलात आणतो, ही पद्धत जास्त. १९९२ चा व्हीजीए प्लॅनेट्स आणि त्यानंतर काही वर्षांनी आलेला स्टार्स! हे दोन्ही याच पद्धतीचे. प्रत्येक खेळाडू आपली टर्न फाइल होस्टकडे (खेळ चालवणाऱ्याकडे) पाठवायचा, होस्ट सगळ्यांचे हुकूम एकत्र चालवायचा आणि निकालाची फाइल प्रत्येकाला परत मिळायची. आजचा फ्रीओरायनही याच घराण्यातला.

या पद्धतीत सर्वात जास्त होणारी चूक म्हणजे शत्रू आत्ता जिथे दिसतोय तिथे ताफा पाठवणं. तुमचं जहाज निघतं त्याच क्षणी त्याचंही निघतं. तुम्ही पोहोचता तेव्हा ती जागा रिकामी असते, आणि कधीकधी तो तुमच्या मागे राहिलेल्या ग्रहावर उतरलेला असतो. नेम धरायचा तो शत्रू पुढच्या टर्नला जिथे असेल त्या जागेवर. कॉम्प्युटरच्या बाबतीत हा अंदाज बांधणं माणसापेक्षा सोपं, कारण त्याची लक्ष्यं फारशी बदलत नाहीत. इंधन कुठे मिळतं, दुरुस्ती कुठे होते आणि तुमचा सर्वात कमी संरक्षणाचा ग्रह कुठला, या तीन जागा नकाशावर पाहिल्या की त्याचा रस्ता बहुतेक वेळा उघड होतो.

स्टेलारिससारखे गेम वरवर पाहता टर्नचे नाहीतच. वेळ सलग चालतो आणि हवं तेव्हा पॉझ करता येतं. पण तिथेही एक लपलेला टर्न आहे: महिना. गेममधला प्रत्येक महिना तीस दिवसांचा, आणि जमाखर्चाचा हिशोब महिना बदलताना होतो. मधल्या दिवसांत साठा कमी दिसला म्हणून घाबरून जाण्याचं कारण नाही. मात्र एखादी गोष्ट संपत आली असेल आणि महिन्याचा हिशोब तुटीचा दिसत असेल, तर बाजारातून खरेदी करायची ती पुढची एक तारीख उजाडण्याआधी. दोन दिवस उशीर झाला की तुटवड्याचे परिणाम मागे लागतात.

टर्नच्या पोटातला क्रम

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, म्हणून जरा सविस्तर बघू.

स्टार्स! मध्ये एक टर्न म्हणजे एक वर्ष, आणि गेम सुरू होतो २४०० साली. वर्ष उलटताना घडणाऱ्या गोष्टींची यादी लांबलचक आहे. त्यातला कणा असा: आधी ताफे हलतात, मग खाणकाम, मग उत्पादन, मग लोकसंख्येची वाढ, मग लढाई आणि त्यानंतर बॉम्बफेक. ही ओळ कागदावर लिहून समोर ठेवा आणि सुरुवातीची तक्रार पुन्हा वाचा.

२४३० साली तुमच्या टेहळणी जहाजाने शत्रूचा एक ग्रह पाहिला. तळ नाही, एकही लढाऊ जहाज नाही. तुम्ही एका वर्षाच्या अंतरावरून ताफा सोडला. २४३१ उजाडताना तुमचा ताफा तिथे पोहोचला. पण पोहोचणं आणि लढणं यांच्या मध्ये उत्पादन आहे. ग्रहाच्या रांगेत तळ असेल आणि त्यासाठी खनिजं आणि साधनसामग्री पुरेशी असेल, तर तुमच्या तोफा सुरू होण्याआधी तळ बांधून पूर्ण होतो. कॉम्प्युटरने काहीही लपवलेलं नसतं. तुम्ही पाहिलेली माहिती गेल्या वर्षाची होती, इतकंच. यावर उपाय म्हणजे हल्ला ठरवताना "तिथे काय आहे" यासोबत "एका वर्षात तिथे काय बनू शकतं" हेही धरायचं. मोठी लोकसंख्या आणि भरपूर खनिज असलेला ग्रह कधीच रिकामा समजू नका.

हाच क्रम तुमच्या बाजूनेही वापरता येतो. शत्रूचा ताफा पुढच्या वर्षी येऊन धडकणार हे स्कॅनरवर दिसलं, तर अजून एक वर्ष हातात आहे. रांगेतले कारखाने मागे ढकलून तळ किंवा लढाऊ जहाजं पुढे घ्या. ती लढाईला हजर असतील. उलट मालवाहू जहाजातून खनिजं त्याच वर्षी पोहोचवून त्यातून तळ बांधायचा बेत फसतो, कारण येणारं जहाज माल उतरवतं ते उत्पादन होऊन गेल्यावर. ती खनिजं पुढच्या वर्षी कामाला येतील.

आता फ्रीओरायनचं बघा. क्रम तोच असेल असं गृहीत धरून खेळणारे इथे हटकून अडकतात. ग्रह ताब्यात घ्यायचा तर आधी त्याची शील्ड (संरक्षक कवच) शून्यावर यायला हवी. शील्ड शिल्लक असेपर्यंत सैनिक उतरवता येत नाहीत. नवखा खेळाडू युद्धनौका आणि सैनिकवाहू जहाजं एकाच ताफ्यात घालून पाठवतो. पोहोचल्याबरोबर लढाई होते, ग्रहाच्या तोफांना समोर दिसेल ते लक्ष्य चालतं, आणि बिनचिलखती सैनिकवाहू जहाजं पहिल्याच फेऱ्यांत फुटतात. शील्ड शून्य होते, पण उतरायला सैनिकच उरत नाहीत. रुळलेले खेळाडू सैनिकवाहू जहाजं एक टर्न मागे ठेवतात. युद्धनौका आधी जाऊन शील्ड आणि तोफा खाली आणतात, सैनिक पुढच्या टर्नला पोहोचतात आणि तेव्हा उतरण्याचा हुकूम द्यायचा. मधल्या काळात युद्धनौकांनी हल्ला थांबवता कामा नये. लढाई थांबली की ग्रहाची शील्ड पुन्हा वाढू लागते. सैनिकही अगदी मोजून पाठवू नका, ग्रहावरची शिबंदी तुम्ही पाहिल्यानंतर थोडी वाढलेली असू शकते.

कुठलाही अनोळखी गेम असला तरी त्याचा क्रम शोधून काढायला मोठा खटाटोप लागत नाही. एक सेव्ह करा, एकच हुकूम द्या, टर्न संपवा, काय बदललं ते पाहा. आज पूर्ण होणारं जहाज आजच्या लढाईत उतरतं का? आज बदललेला कर आजच्याच जमेत दिसतो की पुढच्या? नवी वस्ती टर्नच्या सुरुवातीला बसते की शेवटी, आणि त्याच टर्नमध्ये तिथे शत्रू आला तर काय होतं? एवढ्या प्रश्नांची उत्तरं मिळाली की अर्ध्याहून जास्त "हे असं कसं झालं?" गळून पडतात.

सुटलेला बाण परत बोलावता येईल असं समजणं

१९९३ च्या मूळ मास्टर ऑफ ओरायनमध्ये ताफा एकदा ताऱ्यांच्या मधल्या अंतराळात शिरला की त्याची दिशा बदलता येत नाही. त्यासाठी हायपरस्पेस कम्युनिकेशन्स हे बरंच पुढचं तंत्रज्ञान लागतं. ही अट ठाऊक नसेल तर सगळी ताकद दूरच्या मोहिमेवर निघते, दुसऱ्याच टर्नला घराजवळ शत्रू दिसतो आणि हात चोळत बसावं लागतं. ते तंत्रज्ञान हाती येईपर्यंत राजधानीजवळ काहीतरी ठेवूनच मोहीम काढा.

तुकड्या-तुकड्यांनी कुमक पाठवणं ही याचीच बहीण. वेगवेगळ्या कारखान्यांतून निघालेली जहाजं वेगवेगळ्या टर्नला पोहोचतात आणि एकेक करून मारली जातात. आधी सुरक्षित जागी जमवा, सगळ्यांत हळू जहाजाचा वेग धरून हिशोब करा, आणि मग निघा.

एआय तुमचा इरादा वाचत नाही, आकडे वाचतो

कॉम्प्युटर शेजाऱ्याने "कारण नसताना" युद्ध पुकारलं असं वाटतं तेव्हा त्याच्या बाजूने परिस्थिती कशी दिसत होती ते पाहायला हवं. स्टेलारिसमध्ये दुसऱ्या साम्राज्याच्या माहितीत त्याचं तुमच्याबद्दलचं मत आणि दोघांची तुलनात्मक ताकद, दोन्ही दिसतं. तुम्ही अर्थव्यवस्था आणि संशोधनात इतके रमलात की ताफा जुनाच राहिला, तर त्या तुलनेत तुम्ही दुबळे ठरता. तुमच्या मनात शेजाऱ्याबद्दल काय आहे याला त्याच्या हिशोबात जागा नाही. दुबळा, जवळचा आणि नावडता, या तिन्ही खणांत तुमचं नाव आलं की तो निघालाच.

म्हणून शांततेच्या काळातही ताफ्याकडे दुर्लक्ष नको. तो वापरायचा नसला तरी हिशोबात तो धरला जातो, आणि एखादा करार जे करू शकत नाही ते काम तो करतो. पण याची दुसरी बाजूही तितकीच खरी. सगळा ताफा कुणाच्या सीमेवर नेऊन उभा केला तर काही गेमचे एआय त्याची दखल घेतात. गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स मालिका यासाठी नावाजली गेली. तिथले प्रतिस्पर्धी तुमची जमवाजमव बघून तुम्हाला तसं बोलूनही दाखवतात. ब्रॅड वॉर्डेल आणि स्टारडॉकच्या मंडळींनी एआयवर मनापासून काम केलं, हे तो गेम खेळताना जाणवतं. अशा प्रतिस्पर्ध्याशी खेळताना हल्ल्याची तयारी सीमेपासून दोन टर्न मागे करावी.

स्वभाव न वाचणं ही आणखी एक महाग पडणारी चूक. मूळ मास्टर ऑफ ओरायनमध्ये प्रत्येक प्रतिस्पर्धी राजाला एक स्वभाव आणि एक ध्येय दिलेलं असतं. कुणी शब्दाला जागणारा, कुणी निर्दय, कुणी परक्यांचा द्वेष करणारा, तर कुणी लहरी. लहरी राजाशी कितीही करार केले तरी तो कधीही उलटू शकतो. त्याच्याशी मैत्रीत पैसा आणि तंत्रज्ञान ओतू नका, त्याच्या सीमेलगतच्या आपल्या ग्रहांवर क्षेपणास्त्र तळ बांधा. शब्दाला जागणाऱ्याशी मात्र करार मोडू नका. तो ते विसरत नाही.

त्याच गेममधले व्यापार करार सुरुवातीला तोट्यात असतात आणि वर्षं उलटतात तसे नफ्यात येतात. पहिल्या काही टर्नमध्ये वजा आकडा बघून करार मोडणारे खेळाडू तोटा तेवढा पदरात घेतात आणि नफा सोडून देतात, वर संबंधही बिघडवतात. थांबा, आकडा वर येतो.

आणि त्याच गेममधलं महासभेचं, म्हणजे सगळ्या साम्राज्यांच्या सभेचं, मतदान! तिथे दोन तृतीयांश मतं मिळवणारा जिंकतो, मतं लोकसंख्येच्या प्रमाणात. लढाईत अजिंक्य असलेला खेळाडू या मतदानात हरू शकतो, कारण सगळ्यांशी भांडून बसल्यावर मत द्यायला कोण उरणार? मतदान जवळ आलं की मोठ्या लोकसंख्येच्या एका तरी राजाशी संबंध सुधारून ठेवा. निदान त्याने तुमच्या विरुद्ध उमेदवाराला मत देऊ नये इतके तरी.

डिफिकल्टीचा चुकीचा अर्थ

"हार्ड" म्हणजे हुशार, असं आपण धरून चालतो. बहुतेक गेममध्ये वरच्या पातळीला एआय तोच असतो, फक्त त्याला उत्पादनात जास्तीची भर मिळते. स्टेलारिसमध्ये एन्साइन पातळीला एआयला अशी भर नसते, तिथून ग्रँड अ‍ॅडमिरलपर्यंत ती चढत जाते. एआय किती भांडखोर असावा याचं सेटिंग तिथे वेगळं आहे. ही दोन बटणं एकच समजून खेळणारे पुष्कळ आहेत. एआय निष्क्रिय वाटत असेल तर आधी भांडखोरपणा वाढवून बघा, डिफिकल्टी नंतर. फ्रीओरायनमध्ये तर एआयचा आक्रमकपणा निवडता येतो, अगदी नवशिक्यापासून मॅनियाकलपर्यंत.

सवलत मिळालेल्या एआयशी सुरुवातीला उत्पादनाची शर्यत लावू नका, ती तुम्ही हरणार. त्याची कमजोरी वेगळी आहे. दोन आघाड्यांवर एकाच वेळी ताकद वाटणं त्याला सहसा जमत नाही, आणि अरुंद मार्गावरच्या भक्कम तळावर तो पुन्हा पुन्हा जहाजं वाया घालवतो. त्याला तिथे झिजू द्या.

काही वेळा दोष खरोखरच गेमचा असतो. १९९५ चा असेन्डन्सी दिसायला देखणा होता, पण त्याचा एआय इतका कच्चा निघाला की बनवणाऱ्यांना तो सुधारण्यासाठी अँटॅगोनायझर नावाचा पॅच (गेमची दुरुस्ती) काढावा लागला. जुना गेम घेऊन बसणार असाल तर शेवटचा पॅच टाकल्याशिवाय एआयबद्दल मत बनवू नका.

ताफ्याच्या आकड्यावर आंधळा भरवसा

तुमची ताकद १२ हजार, शत्रूची ९ हजार, तरी हरलात. कसं? स्टेलारिसमध्ये लेझर चिलखतावर भारी पण शील्डवर कमी पडतं, तोफगोळ्यांचं नेमकं उलट, आणि क्षेपणास्त्रं शील्डला वळसा घालून जातात पण पॉइंट डिफेन्स (जवळून बचाव करणाऱ्या तोफा) त्यांना वाटेत टिपू शकतं. एकच आकडा यातलं काही सांगत नाही. लढाईनंतरचा अहवाल उघडा, आपण केलेलं नुकसान कशावर किती खर्ची पडलं ते पाहा आणि पुढची जहाजं त्यानुसार बनवा. एआय स्वतःची रचना तुमच्या इतक्या चपळाईने बदलत नाही, आणि हा तुमचा मोठा फायदा आहे.

मास्टर ऑफ ओरायन २ मध्ये उलट धोका आहे. ताफा फुगवत गेलात आणि कमांड पॉइंट (किती ताफा सांभाळता येतो याची मर्यादा) ओलांडले, तर प्रत्येक जास्तीच्या पॉइंटमागे दर टर्नला १० बीसी (गेममधलं चलन) खिशातून जातात. तिजोरी अचानक रिकामी होऊ लागली की कर वाढवण्याआधी हा आकडा तपासा. नवे तळ बांधून पॉइंट वाढवणं किंवा जुनी जहाजं मोडीत काढणं, दोन्ही चालतं.

अडलंय, काय करू?

टर्न संपतच नाही: कुठेतरी उत्तर न दिलेला निरोप, रिकामं पडलेलं संशोधन किंवा हुकूम नसलेला ताफा असतो. सूचनांची यादी वरून खाली पाहा. मल्टिप्लेअरमध्ये दुसऱ्या कुणाचा टर्न बाकी असण्याची शक्यता जास्त.

हुकूम दिला पण झाला नाही: वस्तीचं जहाज पोहोचून उतरलं नाही, तर त्याच टर्नला तिथे शत्रूचं सशस्त्र जहाज होतं का ते पाहा. फ्रीओरायनमध्ये हे नेहमीचं कारण. ताफा निघालाच नाही तर इंधन आणि पुरवठ्याची हद्द बघा.

सेव्ह लोड करूनही लढाईचा निकाल तोच येतो: पुष्कळ गेम फाशांचा (नशिबाच्या आकड्यांचा) क्रम सेव्हमध्येच साठवतात. पुन्हा पुन्हा लोड करण्यात वेळ घालवू नका, आधी वेगळा हुकूम द्या किंवा लढाईच टाळा.

शेवटाकडे टर्न रेंगाळतात: आकाशगंगा मोठी, साम्राज्यं जास्त, लोकसंख्या अफाट. चालू गेममध्ये यावर फारसा इलाज नाही. पुढच्या वेळी लहान नकाशा घ्या, आणि स्टेलारिसमध्ये राहण्यायोग्य ग्रहांचं प्रमाण सुरुवातीलाच कमी करा. फरक ठळकपणे जाणवतो.

राज्यपाल नेमला आणि तो भलतंच बांधतोय: २००३ च्या मास्टर ऑफ ओरायन ३ मध्ये ही सगळ्यात मोठी डोकेदुखी होती, खेळाडूने काढलेली गोष्ट राज्यपाल पुन्हा रांगेत घालायचा. राजधानी आणि सीमेवरचे ग्रह स्वतःकडे ठेवा, मधले शांत ग्रह त्याच्या हवाली करा.

एआय खरोखर गोठलाय, कित्येक टर्न एकही जहाज हलवत नाही: आधी मॉड (इतरांनी बनवलेले गेममधले बदल) बंद करून तोच सेव्ह चालवा. मॉड गेमच्या जुन्या आवृत्तीसाठी बनलेला असला की हा प्रकार हमखास होतो. तरीही गोठलेलाच असेल तर बनवणाऱ्यांना कळवा, आणि सोबत बिघाड दिसल्यानंतरचा सेव्ह न देता त्याच्या आधीच्या टर्नचा द्या. तोच टर्न त्यांना स्वतः चालवून पाहता आला तर दोष सापडतो. फ्रीओरायनचा एआय पायथनमध्ये लिहिलेला आणि सर्वांसाठी खुला आहे. थोडंफार प्रोग्रॅमिंग येत असेल तर त्याने ग्रहाचं मोल कसं ठरवलं, हे स्वतः फाइल उघडून वाचता येतं.